नवव्या वर्षापर्यंतचं इंग्रजी

१४ नोव्हेंबर

मास्तरांचा हुकूम, रोज चार ओळी इंग्रजीत लिहायच्या. लिहिल्या. मी सकाळी उठतो, मी स्नान करतो, मी भात खातो, मी देवाची प्रार्थना करतो. भात मी खात नाही, भाकरी खातो. पण भाकरीला मास्तर इंग्रजी शब्द देईनात. त्या वहीवरून पाहिलं तर या घरात काही म्हणता काही घडत नाही. म्हणून घडलेलं इथे लिहितो. मराठीत. ही वही मास्तरांना दाखवायची नाही.

घडलं ते असं. साहेबाचा दौरा नक्की झाला. पौषात आपल्या आमराईत तंबू पडणार. बुलढाण्याचा डिप्टी कमिशनर, नवा आहे. मोठे मालक वारले तेव्हापासून इथली शेती सरकारच्या देखरेखीत आहे. आता वारसाचं वय भरलं, तर साहेब वारसाला पाहून ठरवणार, सोडायची की अजून काही वर्षं ठेवायची. वारस म्हणजे मी. बाजारात बैलाचे दात पाहतात, माझं इंग्रजी पाहतील.

आईसाहेब (पुढे आ. लिहीन, रोज एवढं लांब कोण लिहितो) जेवताना म्हणाल्या, "साहेबाची मान हालू दे माधव. मंग जा वडनेरले. म्या अडवलं तं सांग."

"अन् तवर?"

"तवर नाई."

दोन वर्षं झाली माझं वडनेर सोडून, माय-बाला सोडून. पहिल्या वर्षी म्हणाल्या, नव्या घरात जीव रुळू दे. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, लोक काय म्हणतील. आता साहेब.


१६ नोव्हेंबर

साहेब मुलाला एकट्याला बसवतो म्हणे. दुभाषा नको, कारभारी नको, आईबाप नको. खुर्ची देतो आणि इंग्रजीत म्हणतो, तुमच्या लहानपणाचं सांगा.

हे काऊन, तर काकासाहेबांमुळे. काकासाहेब आ.चे चुलत दीर. दत्तक त्यांच्या धाकट्याला घ्यायचं सोडून भावकीतल्या गरीब घरचा मी घेतला, तो राग. त्यांनी वरपर्यंत पोचवलं आहे की पोरगं आत्ता आत्ता चिखलातून उचलून आणलं, त्याला या घराचं ना प्रेम ना माहिती, उद्या सगळं वडनेरला वाहून नेईल. यावर आ.नी कळवलं की मुलगा दुधाच्या दातांपासून माझ्याचकडे वाढला, विधी तेवढा उशिरा झाला.

म्हणजे मला लहानपण लागणार. इथलं. माझं आहे ते चालणार नाही.


१७ नोव्हेंबर

मास्तर पुण्याचे. आठल्ये आडनाव. माणूस वाईट नाही पण मी "मले" म्हटलं की टेबलावर पेन्सिल आपटतात. "मला. मला म्हणा माधवराव. कानाला त्रास होतो हो." आता मी त्यांच्याशी पुण्याचं बोलतो, आ.शी वऱ्हाडी, पुस्तकाशी इंग्रजी. गड्यांशी बोलायची मनाई नाही, पण मी जवळ गेलो की तेच उठून उभे राहतात आणि गप्प होतात. भिका गडी तर माझ्याहून दुप्पट वयाचा, तोही हात जोडतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.


१९ नोव्हेंबर

आज लहानपण मिळालं.

मास्तर दौत-टाक घेऊन बसले. आ. बंगईवर. मी खाली सतरंजीवर. मास्तर म्हणाले, "बाईसाहेब, निबंध रचायचा तर काही प्रसंग हवेत. माधवराव लहानपणी काय काय करीत असं लिहू?"

आ. पायाने बंगईला झोका देत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिवा. त्याले एक तट्टू होतं. पांढरं. त्याच्यावर बसला का उतरायले तयार नसे. जेवाले बी वरच बसून मागे."

मास्तरांनी लिहिलं. मी मान वर केली.

"ह्याच बंगईवरून पडला होता. हनुवटीले खोक पडली. रडला नाई, पण रगत पाहून मीच रडली तं मले म्हणे, आई तू काऊन रडतेस, पडलो तं मी."

तेव्हा कळलं. हे बाळासाहेबांचं. आ.चा मुलगा. नऊ वर्षांचा होऊन तापाने गेला, मी या घरात येण्याच्या कितीतरी आधी. दिवाणखान्यात त्याची जरीची टोपी अजून खुंटीला आहे, आणि ती कुणी काढत नाही.

मास्तरांना ठाऊक आहे की नाही कोण जाणे. खाली मान घालून लिहीत होते.


२० नोव्हेंबर

सकाळी मास्तरांना विचारलं. त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "निबंधाला प्रसंग लागतात, आणि बाईसाहेबांजवळ एवढेच आहेत. तुम्ही पाठ करा. आपण शिकवणीचे मास्तर, खोल पाण्यात जात नाही."

मी म्हटलं, "खोल पाण्यात मलाच ढकलता की." ते म्हणाले, क्रियापद चुकलं.


२३ नोव्हेंबर

पाठांतर. आय हॅड अ व्हाइट पोनी. आय फेल फ्रॉम द स्विंग. आय डिड नॉट क्राय.

गंमत अशी की इंग्रजीत "मी" म्हणताना काही वाटत नाही. "आय" म्हणजे कोण, कुणीही. तेच मराठीत म्हणून पाहिलं, माझं एक पांढरं तट्टू होतं, तर अंगावर काटा आला. मेलेल्या पोराच्या पानावर जेवायला बसल्यासारखं वाटलं.


२५ नोव्हेंबर

आज खरंच तसं झालं. आ.नी शेवयांची खीर केली. बाळासाहेबांना आवडायची. निबंधात आहे ना, मग चव माहीत हवी, साहेबाने विचारलं तर. मला गोड अजिबात जात नाही. वडनेरला सगळ्यांना माहीत आहे. माय सणाला पुरणपोळी सगळ्यांना वाढायची आणि माझ्या पानात गुपचूप मिरचीचा ठेचा आणि भाकरी टाकायची, वरून म्हणायची, "ह्या पोट्ट्याच्या पोटात इस्तू हाय."

खीर खाल्ली. आ. समोर बसून पाहत होत्या. दुसरी वाटीही वाढली. नाही म्हणता येईना. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. सुख म्हणावं तर तसं नाही. असो. रात्री पोट बिघडलं.


२८ नोव्हेंबर

नांदुऱ्याकडून सरकी घेऊन गाडीवान आला. वडनेरचाच माणूस, मला किसना या जुन्या नावाने ओळखणारा. तोही वाड्याच्या दारात "माधवराव" म्हणाला आणि जीभ चावली. विहिरीकडे नेऊन विचारलं, घरचं कसं आहे.

"बेस हाय. तुमच्या... त्या बाईले तेवढं दिसेनासं झालं."

"म्हणजे?"

"डोळ्यापुढं धुकं येते म्हणते. दिवसा जरा बरं. माणूस वळखते, पण लय जवळ आल्यावर. वांगे तोडते तं हातानं चाचपून तोडते. वैद्य म्हणे, येत्या साली ते बी जाईन."

तुमच्या त्या बाईले. माय म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. माझीही झाली नाही, मीही नुसतं "बरं" म्हटलं.

आ.ला जाऊन सांगितलं. म्हटलं, दोन दिवस द्या, घाट उतरून जातो, तोंड दाखवून येतो. अजून तिला दिसतं तोवर. आ. म्हणाल्या, "पौष काय लांब हाय? काकासाहेबाचे मानसं रस्त्यानं बसलेले हायत. तू वडनेरले गेला का साहेबाच्या कानावर. मंग मी खोटी, तू खोटा, अन् जनमभर इथंच सरकारच्या हुकमात."

बरोबर आहे त्यांचं. बरोबर आहे म्हणूनच डोकं फुटायची वेळ आली. मायला दिसेनासं व्हायच्या आत जायचं तर साहेब खूश व्हायला हवा. साहेब खूश व्हायला मला मायचं नाव न घेता लहानपण सांगायला हवं.

ठीक. पाठ करतो. असं पाठ करीन की तट्टू खिंकाळेल.


३ डिसेंबर

दत्तविधानाचं आठवत होतो. भटजींनी विचारलं, मुलगा दिला का. बा लगेच म्हणाला, दिला. त्याला भावकीचा मान ठेवायचा होता. मायला विचारलं. ती बोलेना. परत विचारलं. सगळा मांडव थांबला. कुणीतरी बायकांतून म्हणालं, बोल व बाई, मुहूर्त चालला. तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हनता तं दिला." भटजींनी तेवढ्यावर चालवून घेतलं. मग मी आ.च्या मांडीवर. सतरा वर्षांचा घोडा मांडीवर, पाय जमिनीला टेकलेले. लोक हसले. मीही हसलो होतो, लाज वाटून.


८ डिसेंबर

निबंध पुरा झाला, आणि पुरा झाला नाही.

मास्तर वाचून दाखवत होते. तट्टू, बंगई, खीर, आमराईत हरवला ते, मोठ्या मालकांच्या काठीवर बसून घोडा घोडा, मुंजीत भिक्षावळीत मिळालेले लाडू. मग म्हणाले, "बाईसाहेब, हे नवव्या वर्षापर्यंत झालं. पुढचं?"

आ. म्हणाल्या, "पुढचं काय?"

"नऊ ते सतरा. साहेब विचारू शकेल. काही सुचवा. शिकार, पोहणं, शाळा. मी शोभेल असं लिहितो."

"जे झालं नाई ते मी कसं सांगू मास्तर?"

मास्तर हसायच्या बेतात होते. माझ्याकडे पाहून थांबले. आ. चिडलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. एवढा वेळ त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. पांढरं तट्टू खरं, खोक खरी, लाडू खरे. खोटं त्यांना रचता येत नाही. त्यांचा बाळ नवव्या वर्षी थांबला, तसा निबंधही थांबला.

मास्तर म्हणाले, "मग माधवरावांचंच काहीतरी घालू का? खरं काही?"

"त्याचं वडनेरचं हाय," आ. म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

तर असा मी. साहेबापुढे नऊ वर्षांचा होऊन बसणार. आठल्ये मास्तर म्हणतात, सावकाश बोला, म्हणजे वेळ संपेल.


११ डिसेंबर

बाहेर जायची सोय नाही. फाटकाशी गेलो की भिका मागून येतो. "मालक, बाईसाहेब म्हनतेत उन्हाचं..." ऊन कसलं, थंडी आहे. पांढऱ्या तट्टूचा नातू असावा असं एक तट्टू तबेल्यात आहे. त्यावर बसायला शिकवतात, कारण मी लहानपणापासून बसतो असं निबंधात आहे. दोनदा पडलो. मी रडलो नाही. निबंधात तसंच आहे.


१४ डिसेंबर

मास्तरांकडून फुटकळ शब्द काढून घेतो आहे. एकदम विचारलं तर संशय येईल म्हणून मधेमधे. "मास्तर, दोराला काय म्हणतात?" रोप. "विहीर?" वेल. "बुडणे?" ड्राउन. "वांगं?" ब्रिंजल. "काठ?" यावर ते अडखळले, मग म्हणाले एज. "भोपळा?" म्हणाले, "कुठला, लाल की दुधी?" म्हटलं वाळलेला, पोहायला शिकताना पाठीला बांधतात तो. मास्तर चकित झाले. "पाठीला भोपळा बांधतात? आम्ही सरळ नदीत उडी टाकली."

हे सगळं कशाला, मलाच नीट सांगता यायचं नाही. साहेबाला सांगायचं नाहीच. पण माझं इंग्रजी सगळं बाळासाहेबांचं. माझं स्वतःचं एकही वाक्य त्यात नसावं हे सहन होत नाही.


१७ डिसेंबर

आज सगळे शब्द जोडून पाहिले, मनात. मी सहा-सात वर्षांचा. बा मोटेवर. मला पोहायचं वेड. माय विहिरीच्या काठाला उभी. माझ्या पाठीला वाळका भोपळा, कमरेला नाडा, नाड्याचं दुसरं टोक तिच्या मुठीला गुंडाळलेलं. "मार हात. मार. पाय मार रे लेकरा, मी धरून हाव." मी बुडायला लागलो की ती ओढायची, जरा जमलं की ढील द्यायची. दुपारभर. हाताला वळ उठायचे.

तिला स्वतःला पोहता येत नाही.

एवढंच. इंग्रजीत झालं ते मोडकं-तोडकं, पण झालं. घटका दोन घटका बरं वाटलं. मग तबेल्यात जायची वेळ झाली.


२१ डिसेंबर

काकासाहेब येऊन गेले. ओसरीवर बसून सुपारी कातरत मला म्हणाले, "काय माधवराव, लहानपणच्या गोष्टी आठवतेत का?" आ. दारामागून म्हणाल्या, "आठवतेत भावजी. तुमी त्याच्या मुंजीले आले होते, तुमाले आठवत नसन." काकासाहेबांना त्या मुंजीचं चांगलंच आठवत असणार, कुणाची ते. पण मेलेल्या पोराचं नाव दारात उभ्या त्याच्या आईसमोर कोण काढील? सुपारी तशीच राहिली.

पहिल्यांदा आ.चं कौतुक वाटलं. आणि मग माझीच भीती वाटली, की हे मलाही आवडायला लागलं आहे की काय.


२ जानेवारी

तंबू लागले. आमराईत चुली, घोडे, पट्टेवाले. साहेबाचा निरोप, उद्या सकाळी घरीच येतो, मुलगा जिथे वाढला ते घर बघू. मास्तरांचा आवाज बसला आहे. माझा नाही. माझं पाठांतर झोपेतही चालू असतं, भिका म्हणतो. काहीबाही बोलता म्हणे, गोऱ्यावानी.


३ जानेवारी

झालं. कसं झालं ते सांगता येत नाही, पण लिहितो.

साहेब ओसरीवर. खुर्ची एक त्याला, एक मला. मास्तरांना त्याने हातानेच आत घालवलं. आ. दारामागे. अंगणात गडी दूर. साहेब तरुण आहे, नाक सोललेलं. तंबूचा वास.

सांगा म्हणाला. मी सुरू केलं. तट्टू, बंगई, खोक, आमराई, काठीचा घोडा, लाडू. एकही चूक नाही. साहेब बंगईकडे पाहत होता, मान डोलावत होता. चांगला ऐकत होता. त्याला आवडलं असावं. मीही रंगलो. मुंजीपर्यंत आलो आणि थांबलो.

साहेब म्हणाला, "अँड देन?"

मी परत मुंजीचं सांगितलं, वेगळ्या शब्दांत. तो हसला, रागावला नाही. परत, "यस. अँड देन?" मग काय झालं. त्याला खरंच ऐकायचं होतं. निबंध संपला होता. दारामागे आ.च्या बांगड्यांचा आवाज झाला, तोही थांबला.

तेवढ्यात फाटकातून माय आली.

मी आधी मानलंच नाही. कडेवर टोपली, एक हात भिंतीला लावून, चाचपत. सोबत चिखलीच्या मावशीचं कुणीतरी, तिला दारात सोडून बाहेरच थांबलं. मी विचारपूस केल्याचं गाडीवानाने तिला सांगितलं असणार. भिका धावला, तिला गोठ्याच्या पायरीशी बसवलं. ओसरीपासून पाच-सहा हातांवर असेल. तिने माझ्याकडे तोंड केलं. माझ्याकडे म्हणजे ओसरीकडे, खुर्च्यांकडे. तोंडावर काही हाललं नाही. तिला दोन पांढरे ठिपके दिसत असतील.

साहेब वाट पाहत होता.

मी म्हणालो, वेल. देअर वॉज अ वेल.

मग थांबता येईना. रोप. माय मदर होल्ड रोप. आय गो डाउन इन वॉटर. ड्राय पम्पकिन ऑन बॅक. शी स्टँड ऑन एज. शी कॅन नॉट स्विम. शी होल्ड. शी से, आय अ‍ॅम होल्डिंग. हर हँड इज रेड. क्रियापदं सगळी चुकली असतील. मायकडे पाहत पाहतच बोललो. माझे डोळे वाहत होते आणि ते मला साहेबाच्या तोंडावरून कळलं. शी गिव्ह मी नॉट खीर, असंही काहीतरी म्हणालो, मिरचीचं सांगायचं होतं, शब्द नव्हता.

या घरात हे मला मराठीत कधी म्हणता आलं नसतं. दारामागे आ.ला कळत नव्हतं, पायरीवर मायला कळत नव्हतं. म्हणूनच म्हणता आलं.

साहेब उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही म्हणाला. हळू म्हणाला, मला नीट कळलं नाही. इंग्रजी शिकवणीच्या बाहेरचं होतं. दाराकडे मान लववली, आ. तिथे आहेत हे त्याला ठाऊक होतं. आणि गेला. मला त्याच्या सोबत तंबूपर्यंत जावं लागलं, रीत आहे. परत आलो तर पायरी रिकामी. टोपली होती. वांगी, जांभळी, काटेरी देठांची.

भिका म्हणाला, गेल्या. साहेबाचं काम चालू हाय, खोळंबा नगं म्हनाल्या.

फाटकाबाहेर पळालो. रस्त्यावर धूळ होती, गाडी कुठल्या अंगाला गेली ते कळेना.


५ जानेवारी

आ. खूश. "साहेबानं मान लववली. म्या डोळ्यानं पाह्यली." मास्तर त्या दिवशी आतल्या खोलीतून ऐकत होते. त्यांना सगळं कळलं आहे. माझ्याशी एकटे असताना म्हणाले, "माधवराव, शी होल्ड्स म्हणायला हवं होतं." मग चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. आ.ला त्यांनी सांगितलेलं नाही.

मी विचारलं, साहेब जाताना काय म्हणाला. म्हणाले, भिंतीआडून नीट ऐकू आलं नाही. खरं की खोटं, कळायला मार्ग नाही.


१० जानेवारी

बुलढाण्याहून काही नाही. तंबू मेहकरकडे हलले. आ. रोज विचारतात, तट्टूचं सांगितलंस? सांगितलं. बंगईचं? सांगितलं. खोकेचं सांगितलंस तं हसला का? हसला. त्या परत परत विचारतात. मी परत परत सांगतो. आ.ना माझ्या निकालापेक्षा ते जास्त हवं आहे. त्यांच्या बाळाचं एका परक्या साहेबाने ऐकून घेतलं, हसला. मला त्यांचा राग धरून ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही.

वडनेरचं विचारलं. "कागद येऊ दे."


१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. गोड.

दुपारी भिका तबेल्यात तट्टूला खरारा करत होता. एकटाच होता. मी म्हटलं, भिका, त्या दिवशी वडनेरच्या बाई काय बोलल्या, सगळं सांग. एक शब्द गाळू नको.

तो नको नको म्हणत होता. मग म्हणाला,

"मालक, मले इचारत होती, हा कोनता साहेब बोलून राह्यला? म्या म्हनलं, साहेब नाई, आपले मालक बोलून राह्यले. तं म्हने, कोन मालक? म्या म्हनलं, माधवराव. तं म्हने, माधवराव म्हंजे..." भिका थांबला. "मंग गपच झाली. कान देऊन आयकत होती. मंग म्हने, त्याचा आवाज असा नाई. माहा किसना असा नाई बोलत. अन् उठली."

तबेल्यातून बाहेर आलो.

मी तिचंच सांगत होतो. तिच्या तोंडासमोर. विहीर, दोर, तिचा लाल हात. आणि तिला वाटलं कुणी साहेब बोलतो आहे.

आ. बंगईवर. मी जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेबाने पुढचं विचारलं, तुमच्याकडे पुढचं नव्हतं, मी माझं सांगितलं. विहीर. भोपळा. माय काठावर. पुरणपोळीऐवजी तिने वाढलेला ठेचा. आता जे व्हायचं ते होऊ द्या. कागद येवो, न येवो. शेती राहो, जावो. मला वडनेरला जायचं आहे. तिच्यापाशी बसून बोलायचं आहे, तिच्या बोलीत, आवाज ओळखू येईल असं. हे सांगताना मी "मला" म्हणत होतो. पुण्याचं. तेही ऐकू आलं आणि जास्तच संताप आला.

वाटलं होतं ओरडतील. त्यांनी पायाने बंगई थांबवली. हनुवटीवर बोट ठेवून बसल्या, बाळासाहेबांना खोक पडली होती तिथेच.

"तिले पोहता येते?"

"नाई."

"मंग तू बुडून राह्यला असता तं?"

"ओढलं असतं."

"अन् दोर तुटला असता तं?"

हे कधी मनातच आलं नव्हतं.

"तिनं उडी टाकली असती," आ. म्हणाल्या. मला नाही, स्वतःशीच.

मी म्हटलं, "उद्या गाडी जुंपायले सांगू?"

हो म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत. तिळगुळाची वाटी माझ्याकडे सरकवली, मग आठवल्यासारखी परत मागे ओढली आणि आत हाक मारली, "कोन हाय तिकडं, ठेचा हाय का घरात?"

भिकाला बैलांना पेंड घालायला सांगितली आहे. तो विचारतो, सकाळसाठी का मालक. मी म्हटलं, घालून ठेव.